बाबांनी निवडलेलं आडनाव

रविवार, १२ जानेवारी. अस्कर, आखात

आमचा आयरिश फोरमन वॉल्श आज चहा पिताना म्हणाला, "तुझं आडनाव कुठून आलं?" आपली माणसं हे विचारतात तेव्हा त्यांना जात हवी असते. मी आखडलोच. त्याला मात्र स्वतःचंच सांगायचं होतं. पूर्वज वेल्समधून आयर्लंडला आले, म्हणून लोक त्यांना वॉल्श म्हणायला लागले. वॉल्श म्हणजे परके. शेकडो वर्षं तिथंच राहिले, तरी परकेच.

मग मीही सांगितलं. मला शाळेत घालताना बाबांनी जुनं आडनाव सोडलं, गावाचं लावलं.

"आमचं लोकांनी ठेवलं. तुझं बापानं निवडलं."

मला हे कधी का सुचलं नाही?

घरी येऊन बाबांना फोन केला, सगळं सांगितलं, आभार मानले. ते म्हणाले, "त्याला सुट्टीत घेऊन ये. आपल्या वस्तीत कोणी परकं म्हणणार नाही."