व्याह्यांना दिलेला धूप

प्रिय सिस्टर मावशी,

धुराने काळवंडलेल्या भाच्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मठातल्या जिन्याने त्यांच्याशी मांडलेला दावा अजून सोडला नसेलच. इकडे सगळे बरे. तुझी सून (म्हणजे माझी बायको) रविवारपासून चर्चचे पडदे धुते आहे. त्याला कारण मी, आणि ते नीट सांगायचं तर मधमाशीपासून सुरुवात करावी लागेल.

लेकीचं लग्न चर्चमधल्या गायनमास्तरांच्या मुलाशी ठरलं, हे तुला कळवलंच होतं. मुलगा सोन्यासारखा, बाप मात्र ताठ. मध्यंतरी ते आमच्या परसातल्या मधपेट्या बघायला आले, (नको नको म्हणत असताना) एका पेटीत नाक घातलं, आणि माशीने त्या नाकाची योग्य ती दखल घेतली. तेव्हापासून त्यांचा हट्ट, की मी चारचौघांत वाकून माफी मागावी, नाहीतर लग्न विसरा. माझं म्हणणं, माफी त्यांनी मागावी. त्यांचं नाक आठवड्यात उतरलं, माझी माशी मात्र जिवानिशी गेली. (डंख मारल्यावर माशी मरते, हे त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं!" आता अशा माणसाशी काय बोलायचं?) लेक रडून रडून अर्धी झाली, बायकोने माझ्याशी अबोला धरला, आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत लग्नाची घोषणा होणार की नाही, हे कोणालाच सांगता येईना.

त्यातच धूपदान फिरवणाऱ्या सुताराचं मनगट मुरगळलं. फादर म्हणाले, तुमचं आयुष्य धुरातच गेलंय, तुम्हीच या. मी विचारलं, धूप द्यायचा तरी कशासाठी? तर धूर वर जातो तशी आपली प्रार्थना देवाकडे वर जाते, हे एक. शिवाय वेदीला धूप द्यायचा, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला द्यायचा, आणि मग लोकांनाही, कारण तेही तितकेच पवित्र. लोकांपुढे आधी वाकायचं, धूपदान झुलवायचं, पुन्हा वाकायचं, आणि लोकांनीही उलट वाकायचं. मी म्हटलं, यात व्याहीसुद्धा आले का? फादर म्हणाले, "ते तर पहिल्याच बाकावर असतात."

मी मान डोलावली खरी, पण हाताला सवय धंद्याची. आम्ही धूर देतो तो माशा शांत राहाव्यात म्हणून. तो थंड हवा, दाट हवा, आणि खालून सोडायला हवा. फादरांनी दिलेला धूप बघतो तर चार खडे! एवढ्यात माझी एक पेटी शांत होत नाही, इथे तर अख्खी गर्दी, शिवाय गायनमंडळ. म्हणून मी घरून नेलेलं ओलसर गवत आणि गोणपाटाच्या चिंध्या निखाऱ्यांवर छान दाबून बसवल्या.

मावशी, प्रार्थना वर गेल्या नाहीत. त्या बाकांखालून सरपटत निघाल्या. वेदी दिसेनाशी झाली. फादरांना शुभवर्तमान पाठ होतं म्हणून निभावलं. गायनमास्तरांनी वरच्या पट्टीसाठी आ वासला आणि माझं निम्मं गोणपाट एका श्वासात आत घेतलं. नेमका तेव्हाच मी त्यांच्यापुढे पोहोचलो. धूर जरा विरळ झाला तेव्हा लोकांना दिसलं ते असं, की मी कमरेत वाकलेला आणि ते माझ्यापुढे त्याहून खाली वाकलेले. मागून कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फादरांनी डोळे पुसत पुसत लग्नाची घोषणा करून टाकली. (ते भावनेने रडताहेत, असं सगळ्यांना वाटलं.)

बाहेर आल्यावर गायनमास्तर प्रत्येकाला धरून सांगत होते, की आपण वाकलो वगैरे मुळीच नव्हतो, ठसका लागला होता. मीही ठणकावून सांगितलं, की मी वाकलो नव्हतो, खाली पडलेला निखारा शोधत होतो. दोघांचीही नाकं शाबूत राहिली, आणि लेक एकदाची जेवली.

तुझा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्या मठात बनतो तो अस्सल धूप डबाभर पाठव. लग्नात धूपदान मीच फिरवावं असा एकाचा फार आग्रह आहे. तो एक म्हणजे व्याही. (गोणपाट नको, एवढीच अट.)

आणखी एक ता. क. हे तुझ्यापाशीच ठेव. निखारा कुठलाही पडला नव्हता. आणि व्याह्यांचं म्हणशील, तर मी अगदी समोर होतो म्हणून सांगतो. ठसका लागलेला माणूस हात तोंडावर धरतो. त्यांनी ते जोडले होते.