उत्कर्षिन: एका औषधाचा शोध

२ जुलै २०००, रविवार
ताम्हिणीच्या जंगलात भूछत्र सापडलं! पांढरंशुभ्र, बशीएवढं. बघताक्षणी कळलं, यात औषध आहे. बायकोला, उत्कर्षाला, दाखवलं. तिने विचारलं, भाजीत घालायचं का. सॉफ्टवेअरवाल्यांकडून काय अपेक्षा ठेवायची! तिची कंपनी तिला ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला धाडतेय. मी बरोबर येणार का, ते गणपतीपर्यंत सांग म्हणाली. पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात, असा ऐन बहरात असताना, कुणी देश सोडतं? औषध निघालं की तीच जाणं रद्द करेल.
संकल्प: रोज सकाळी आठला लॅब.

५ जुलै, सकाळी ११.१५
लॅबला पोचलो. आठला रिक्षा मिळत नाही. भूछत्राचे तुकडे डिशमध्ये वाढायला ठेवले. आमचे लॅब असिस्टंट उत्तरेश्वर म्हणाले, उघड्या डिशपाशी पाव खाऊ नका. मोठं काम करणाऱ्याला भूक लागते, हे त्यांना कोण सांगणार.

१४ जुलै
चमत्कार! पांढरी बुरशी हिरवी झाली! औषध तयार होऊ लागल्याचंच हे लक्षण. उत्तरेश्वर म्हणाले, घरी शिळ्या पावाला हाच रंग येतो. वाद घातला नाही.

२९ जुलै, दुपारी ४
मेले! सगळे मेले! डिशभर मी सोडलेले जंतू आणि बुरशीभोवती स्वच्छ मोकळं गोल मैदान! कॉरिडॉरमध्ये नाचलो. शेजारच्या लॅबने दार लावून घेतलं. जळतात.
औषधाचं नाव: उत्कर्षिन. मंडईतून तिच्यासाठी शेवंतीची वेणी आणली. वेणी आवडली. नावाबद्दल म्हणाली, आधी तपासून घे.

११ ऑगस्ट
अर्क तपासायला पाठवला. माझ्या गाइड, प्रेमला मॅडम, तिसऱ्यांदा म्हणाल्या, बुरशी कुठली ते आधी ओळख. बघू. सध्या सत्काराचं भाषण लिहितोय, नववं पान चालू आहे.
उत्कर्षाला ठणकावून सांगितलं, मी येणार नाही. तिने मान डोलावली आणि कोथिंबीर आणायला पाठवलं. दोन वर्षं ती नसणार, या विचाराने मंडईत जरा गलबललं. पण शास्त्र म्हणजे त्याग.

२५ ऑगस्ट
रिपोर्ट आला. पेनिसिलिन.
मॅडम म्हणाल्या, भूछत्र केव्हाच मेलं, डिशमध्ये वाढली ती पावावरची बुरशी. आणि पेनिसिलिनच हवं होतं, तर मनपाच्या स्टॉपवरून पिंपरीची बस मिळते, तिथे गेली पंचेचाळीस वर्षं ते कारखान्यात बनतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
शांतपणे विचार केला. पेनिसिलिन मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय शोधलं. फक्त बहात्तर वर्षं उशिरा. तारखेचा मुद्दा सोडला, तर कामात खोट नाही.

१ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
आरती झाल्यावर उत्कर्षाला सांगितलं, देशाला माझी कदर नाही, तेव्हा तुझ्याबरोबर येतो. ती हसली नाही, त्यामुळे फार बरं वाटलं. कपाटातून तिने माझा व्हिसाचा अर्ज काढला. जुलैतच भरून ठेवला होता म्हणे, फक्त सही बाकी. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही. मी बाणेदारपणे ते खोडून वर ठसठशीत लिहिलं: शास्त्रज्ञ.
तिने दुसरा अर्ज काढला. तोही भरलेला होता.
सही केली.