वीणा खाली ठेवायची नाही

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. सकाळी ६.१०
नव्या वर्षाचा संकल्प: राग सोडला. कायमचा. वय बासष्ट, बीपी एकशे साठ. डॉक्टर म्हणाला मीठ सोडा. मीठ कोण सोडतं? राग सोडणं सोपं. तसाही माझा स्वभाव मुळात शांतच आहे, लोकच मधे येतात.
पद्धत: मिरजेहून जपाचा काउंटर आणलाय. अंगठीसारखा बोटात घालायचा. राग आला की मनात 'रामकृष्णहरी' म्हणायचं आणि बटण दाबायचं.

सकाळी ६.४०
चहा नाही. राहीची कंबर धरली म्हणे. अकरा वर्षं धरतेच आहे. आमच्या बायकोइतकी सोयीची कंबर तालुक्यात दुसरी नसेल. बटण दाबलं.

संध्याकाळी ७
काउंटर १४१. पहिल्याच दिवशी एकशे एक्केचाळीस वेळा देवाचं नाव. लोकांना महिनाभरात जमत नाही.

३१ मार्च, सोमवार
आजच्या दिवसाचा काउंटर १८८. झपाट्याने प्रगती. त्यातले साठेक एकट्या लालासाहेबामुळे.
लालासाहेब म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. अकरा वर्षं बोलणं नाही. ओढ्याकडच्या बांधावर आमच्या दोघांच्या उसामधे हद्दीचा दगड आहे. तो एका पावसाळ्यात दोन फूट त्याच्या रानात सरकला. पावसानं सरकला. हा गावभर सांगत सुटला, आण्णांनी सरकवला. अरे, दोन माणसांना जड जाईल असा दगड मी एकटा कसा सरकवीन? एवढा साधा हिशेब त्याच्या डोक्यात शिरत नाही. शिवाय त्या रात्री मी घरात झोपलो होतो. राही साक्षीला आहे. आज पुन्हा तिला म्हणालो, सांग की सूनबाईला. तर भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.
दुपारी तो म्हैस घेऊन दारावरून गेला. खोकला. मुद्दाम.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळ
मारुतीच्या देवळात शनिवारपासून हरिनाम सप्ताह. कोंडीबातात्यांनी वीणेच्या पहाऱ्याची यादी फळ्यावर लावली. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दर दोन तासांनी माणूस बदलतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. माझा पहारा ८ तारखेला, एकादशी, दुपारी दोन ते चार. एकादशी! तात्यांना माणसाची पारख आहे.
पहारा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. फौजेत अठरा वर्षं लंगरच्या कोठाराचा पहारा दिला. एक बटाटा जागचा हलला नाही.

संध्याकाळ
यादी चष्मा लावून वाचली. एकादशी, चार ते सहा: लालासाहेब.
म्हणजे वीणा मी त्याच्या गळ्यात घालायची. आधी घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, हे ठीक. पण वीणा गळ्यात पडली की तो माणूस देव, आणि मग देणाऱ्यानं त्याच्या पायाला हात लावायचा. थोरला-धाकटा, भावकी, काही बघायचं नाही. हा नियम ज्यानं केला त्याला भावकी नसणार.
काउंटर २६३.

२ एप्रिल, बुधवार
तात्यांकडे गेलो. यादी बदला, असं शांतपणे सांगितलं. (राही म्हणते आवाज चौकापर्यंत येत होता. वारा तिकडचा होता.) तात्या म्हणाले, "अर्जुना, यादी फळ्याव गेली, मोबाईलवर गेली. आता मारुती आला तरी बदलायचा न्हाई. आन् ती येळ लालासाहेबानं सोताहून मागून घेतलीया."
मागून घेतली! म्हणजे कट आहे. अकरा वर्षं टपून बसला होता, मला भर देवळात वाकवायला. माझ्यासारखा राग सोडलेला माणूस होता म्हणून सरळ घरी आलो. वाटेत त्याची म्हैस दिसली. तिला बोललो.

३ एप्रिल, गुरुवार
उपाय सापडला. धुळा. मेंढरं राखतो, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. ठरलं असं: चारला पाच कमी असताना धुळा वीणा माझ्याकडून घेणार, मी खुशाल धुळाच्या पाया पडणार. चारच्या ठोक्याला धुळा ती लालासाहेबाला देणार. मधे पाच मिनिटांची भिंत. धुळा म्हणाला, "येतो की. पर मला अभंग येत न्हाईत." म्हटलं अभंग नकोत, नुसता उभा राहा.
असली डोकी फौजेत ब्रिगेडियर होतात. मी हवालदार राहिलो. तिथंही राजकारण.

५ एप्रिल, शनिवार
सप्ताह बसला. काकड्याचा लाउडस्पीकर आमच्या खिडकीकडेच तोंड करून लावलाय. भक्ती कानात ओतायची असते असं मंडळाला वाटतं. बटण, बटण, बटण.
पारायणाच्या मांडवात सगळे ढोंगी. एक जण ओवी वाचता वाचता मोबाईल बघत होता. तीनदा बघितला त्यानं, मी मोजलं, त्यात माझी दोन पानं वाचायची राहिली. दुसरा फक्त नाश्त्याला येतो. लालासाहेब पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेला. शुद्ध नाटक. तासभर नजर ठेवली, एकदाही उघडले नाहीत. एवढं नाटक सरावाशिवाय जमत नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी
कीर्तनकार बुवा क्षमेवर बोलले. तासभर माझ्याचकडे बघून. त्यांना कुणी सांगितलं असेल ते मला माहीत आहे.
सुंठवडा वाटायला लालासाहेब. माझ्यापुढे येऊन म्हणाला, "घ्या आण्णा." मी खांबाकडे बघत राहिलो. खांबाला नवा रंग दिलाय, बरा दिलाय. तो पुढे गेला. अख्ख्या गावात सुंठवडा न मिळालेला मी एकटा. राहीनं तिचा माझ्यासमोर बसून खाल्ला, बोटं चाटून.
काउंटर ३४०. रोजचा जप चारशेकडे चाललाय. संकल्प फळतोय.

८ एप्रिल, मंगळवार. कामदा एकादशी. दुपारी १.१५
साबुदाण्याची खिचडी दोन वेळा. ऊन फार, म्हणून तांब्याभर ताक. धुळाला फोन केला, निघतोच म्हणाला. धोतर, टोपी, बुक्का तयार. मन शांत. आज लालासाहेबाला कळेल, कुणाशी गाठ आहे.

९ एप्रिल, बुधवार
पालथा पडून लिहितोय. कालचा घटनाक्रम, फौजी शिस्तीत:
१४००: वीणा घेतली. उत्तम.
१५००: पाय दुखले, दाखवलं नाही. तांब्याभर ताक खाली उतरल्याची जाणीव.
१५५५: धुळा नाही.
१६००: धुळा नाही. (नंतर कळलं, मेंढी व्याली. जुळं. एकादशीलाच तिला सुचलं.) लालासाहेब समोर आला, माझ्या पाया पडला, हात जोडून उभा राहिला.
मी डोळे मिटले. समाधी लागलेल्या माणसाच्या गळ्यातून वीणा कोण काढून घेणार? बायका कुजबुजल्या, "आण्णांना बगा, देहभान गेलंया." आयुष्यात पहिल्यांदा गावानं मला ओळखलं. साडेचार झाले. टाळकरी बदलले. पाच झाले. एक डोळा किलकिला करून बघितला. तो तिथंच उभा, हात जोडलेलेच. दुसरा असता तर घरी गेला असता. या माणसाला माणुसकी नाही.
पाच दहाला ताकानं देहभान परत आणलं. नाइलाज. वीणा काढली, त्याच्या गळ्यात घातली. ठरवलं होतं, थोडंसंच वाकायचं, बोटं हवेतून परत आणायची. वाकलो. कंबरेत कट् झालं. खाली गेलो तो वर आलोच नाही. पडू नये म्हणून हाताला लागलं ते धरलं. ते त्याचे पाय होते. दोन्ही.
सात मिनिटं. सूनबाई सृष्टीकडे व्हिडिओ आहे, म्हणून नक्की सांगता येतं. मी "आई गं" म्हणालो. माइक जवळ होता. मांडवाला वाटलं आण्णा रडतायत.
मग लालासाहेबानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तेही माइकवरच, "उठा आण्णा. दगडाचं मी कवाच सोडून दिलंय. दोन फूट रान काय घिऊन जायचंय वर? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मला माजा भाऊ पायजे. म्हणून तर ही येळ मागून घेतली. म्हटलं, गळ्यात वीणा असल्याव आण्णा मला शिव्या देणार न्हाईत."
बायका रडल्या. तात्या रडले. मी "दगड पावसानं" एवढं म्हणालो, पण तोंड फरशीकडे होतं. चौघांनी उचलून घरी आणलं. ताकाचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.
गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. खाली लिहिलंय: 'मोठ्या मनाचे आण्णा, चूक मान्य केली.' एकशे बारा जणांनी हात जोडले.
मी मान्य केलेली नाही. त्यानं मला न विचारता माफ केलं. भांडणात हरलेला माणूस पुन्हा भांडू शकतो. माफ केलेल्यानं काय करायचं? जळजळ होतेय. खिचडीची नाही.

१० एप्रिल, गुरुवार
लालासाहेब तेल घेऊन आला. मला उठून जाता येत नाही हे बघून आला. अर्धा तास कंबर चोळली. हात जड आहे त्याचा. आराम पडला. मुद्दाम पाडला.
जाताना राहीला म्हणाला, "वयनी, तुमची बी कंबर दुखती न्हवं? तेल ठिवून जातो." तिनं पदर डोळ्याला लावला. तेलाला कुणी रडतं?
काउंटर दाबून दाबून बंद पडला. मिरजेचा माल.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
काला झाला, सप्ताह उठला. सगळं गाव पंगतीला. राही माझ्यापाशी थांबली.
पडल्या पडल्या बघत होतो. राही बसल्या जागेवरून उठताना आधी कुशीला वळते, मग कॉटचा पाय धरते, थोडी थांबते, दात आवळते, मग उठते. चार दिवसांपासून मीही तसाच उठतो. ती असं कधीपासून उठते, आठवेना.
दुपारी विचार केला: दगड मागं घ्यावा. पावसानंच सरकवलाय, पण आपण मोठेपणा दाखवावा. गावाला कळायचं कारण नाही. राहीला म्हणालो, बरं वाटलं की एका रात्री जाऊन येऊ दोघं, बॅटरी शोधून ठेव.
ती म्हणाली, "आता कशाला बॅटरी? दिवसा जावा. आन् संगं लालाभावजींना न्या. मागल्या खेपंला तुमच्या संगं त्यो दगड ढकलला तवा माजी कंबर गेली, ती अजून आली न्हाई."
मग ती सुपारी कातरत बसली.
चारला भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो. दोघांचा चहा केला. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला. साखर जास्त झाली.