चटई गुंडाळण्यापूर्वी एलिजिओचे नाव घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
संघप्रवेश समन्वय कार्यालय,
दिली, तिमोर-लेस्ते.

अर्जदार: अल्बेर्तिना मोनीझ, वाडी वाइलासी, मातेबियान डोंगराचा पायथा, जिल्हा बाउकाउ.
लिहिणार: लिबोरियो सारमेंतो, वाडीच्या चर्चमध्ये प्रार्थना शिकवणारा. (अर्जदार बाईंना लिहिता येत नाही.)

विषय: देशाचा आसियान कुटुंबात प्रवेश होतेवेळी अर्जदाराच्या मुलाचे नाव बैठकीत मोठ्याने घेण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे रेडिओवरील भाषण. २) आमचे यापूर्वीचे अर्ज. ३) डुकरासंबंधी आलेली लेखी समज.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, या महिन्याअखेर क्वालालंपूर येथे आपला देश आसियान या शेजारी देशांच्या संघात दाखल होत असल्याचे वाडीस समजले आहे. त्याबद्दल आनंदच आहे. इतकी वर्षे आपण दारात निरीक्षक म्हणून बसून होतो, आता आत घेतात म्हणजे बरेच झाले. अर्जदार बाईंची प्रवेशाला हरकत नाही, हे प्रथम नोंदवून घ्यावे, कारण मागच्या वेळी आपल्या कारकून साहेबांचा तसा गैरसमज झाला होता.

२. रेडिओवर आपले साहेब म्हणाले, "आपण आता एका कुटुंबात चाललो आहोत. काल ज्यांच्याशी भांडलो तेच इंडोनेशियाचे लोक आज आपला हात धरून आत नेत आहेत." कुटुंब हा शब्द आपला आहे, आम्ही काढलेला नाही. शेजारच्या घरी मक्याच्या दाण्यांची उसळ शिजत होती, तिथे बसून बाईंनी हे ऐकले आणि ताट ठेवून उठल्या. मला येऊन म्हणाल्या, "लिबोरियो, सोयरीक जमली म्हणायची. आता विचारायला हवं." मी म्हटले, "मावशी, ही राजकारणाची गोष्ट आहे, त्यात सोयरीक कुठली?" तर म्हणाल्या, "मग कुटुंब कशाला म्हणतात? उगाच?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

३. आमच्या वाडीची रीत अशी. दोन घरे जोडायची तर मधे चटई टाकतात. दोन्हीकडची वडीलधारी माणसे समोरासमोर बसतात. मानपान, देणेघेणे नंतर. आधी प्रत्येक घर, आपले कोणकोण माणूस समोरच्या घरात आहे, त्याचे नाव घेते. दिलेली मुलगी, वाढवायला ठेवलेला भाचा, भांडणात उचलून नेलेला पोरगा, सगळे. नाव घेतले की समोरच्याला तो कुठे आहे ते सांगावेच लागते. मग चटई गुंडाळतात. आणि एकदा चटई गुंडाळली की जुनी गोष्ट काढायची नाही. काढणारा दोन्ही घरांचा वैरी ठरतो. महोदय, बाईंची सगळी धडपड या एका गोष्टीसाठी आहे. क्वालालंपूरला चटई गुंडाळली गेली आणि तोवर कुणी एलिजिओचे नाव घेतले नसेल, तर बाईंना त्याच्याबद्दल विचारण्याचा हक्क कायमचा संपला.

४. एलिजिओ हा बाईंचा एकुलता मुलगा. घरचे नाव नोको. लोक मातेबियानवरून खाली उतरून इंडोनेशियाच्या सैन्याला शरण आले त्या वर्षी त्याचे दुधाचे दात पडत होते. सैन्यातले लोक सामान उचलायला पोरे घेत, तसा एका हवालदाराने त्याला भांडी उचलायला घेतला. हवालदार वाईट नव्हता, असे बाई अजून म्हणतात. पोराला बिस्किटे देई, डोक्यावरून हात फिरवी. पलटण निघाली तेव्हा म्हणाला, "बंदरापर्यंत नेतो आणि परत पाठवतो." बाईंनीच पोराचे तोंड धुऊन दिले. ट्रक गेला. पोरगा आला नाही. आमच्या डोंगराखालून अशी बरीच पोरे गेली. काही केस पिकल्यावर परतली, आईचे नाव विसरून, वेगळ्या नावाने, वेगळ्या धर्माने. त्यांच्या दारी बाई दरवेळी जाऊन बसतात आणि नीट बघून परत येतात.

५. पहिल्या अर्जात आम्ही विचारले होते की, या सोयरिकीत आपला देश मुलीकडचा की मुलाकडचा, कारण मुलीकडच्यांनी डुक्कर आणि विणलेले कापड द्यायचे असते आणि मुलाकडच्यांनी रेडा. यावर आपल्याकडून उत्तर न येता पशुविभागाचा डॉक्टर मोटरसायकलवर आला. त्याने बाईंचे डुक्कर तपासले, रोग नाही म्हणाला, आणि जिवंत डुक्कर मलेशियात नेता येणार नाही अशी लेखी समज दिली. महोदय, डुक्कर न्यायला आम्ही विचारलेच नव्हते. बाजू विचारली होती. बाई म्हणतात, "आपण मुलाकडचे असू. पोरगा तिकडे मोठा झाला, तिकडचीच कुणी केली असेल. रेडा आपल्याला द्यावा लागेल." आपल्याला हा प्रश्न मानपानाचा वाटला असेल. त्यांना एवढेच कुणाकडून ऐकायचे आहे की आपण मुलाकडचे आहोत, म्हणजे मुलगा आहे.

६. आपल्या कार्यालयाचे एक तरुण साहेब माहिती द्यायला वाडीत आले होते. टोप्या वाटल्या, व्यापार वाढेल, तरुणांना संधी मिळेल असे सांगितले. बाईंनी उभे राहून विचारले, "साहेब, तिथे आपल्या बाजूने बोलणार कोण?" साहेब म्हणाले, "आजी, तिथे सगळे इंग्रजीत असते." बाई म्हणाल्या, "नावाला इंग्रजी कशाला लागते?" लोक हसले. साहेबही हसले. बाई खाली बसल्या आणि टोपी मांडीवर धरून राहिल्या. नंतर मी त्यांना घरी सोडायला गेलो. नवरा वारला, मुलगी आयर्लंडात कोंबड्यांच्या कारखान्यात आहे, तिचा फोन रविवारी येतो न येतो. घरात बोलायला कुणी नाही. त्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "तू पण हसलास ना?" मी "नाही" म्हणालो.

त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी आपापल्या गेलेल्यांसाठी केव्हाच सुतकाचे काळे कपडे घातले, वर्षाने रीतसर उतरवले, जेवण घातले, मोकळ्या झाल्या. बाईंना एलिजिओसाठी काळे घालता येत नाही, कारण तो गेल्याचे कुणी सांगितलेले नाही. रंगीतही अंगाला लागत नाही. वाडीतल्या बायका लग्नाला बोलावतात तेव्हा यांना कुठे बसवायचे हा घोळ होतो, मग हळूहळू बोलावणेच बंद झाले. याची तक्रार नाही, वस्तुस्थिती म्हणून नमूद केले.

७. तरी मेहेरबानांस विनंती की,
(अ) बैठकीत, सह्या होण्यापूर्वी, आपल्यापैकी कुणीतरी उभे राहून "एलिजिओ मोनीझ, घरचे नाव नोको" एवढे मोठ्याने म्हणावे. दोन्ही नावे घ्यावीत. तिकडे त्याचे नाव बदलले असणार, पण घरची हाक ऐकली की माणूस मान वळवतो, असे बाईंचे म्हणणे आहे.
(ब) ते शक्य नसल्यास देशाचा प्रवेश थोडा पुढे ढकलावा. इतकी वर्षे थांबलो, अजून थोडे थांबल्याने कुणाचे काही बिघडणार नाही.
(क) तेही शक्य नसल्यास, एलिजिओ हयात नाही, असे आपल्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. खरे-खोटे बाई विचारणार नाहीत. त्या काळे घालतील आणि वर्षाने उतरवतील.

सोबत: निवडणूक ओळखपत्राची प्रत, पशुविभागाची समज. मुलाचा फोटो जोडलेला नाही, कधी काढलाच नव्हता.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
अल्बेर्तिना मोनीझ
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

लिहिणार: लिबोरियो सारमेंतो
वाइलासी, दि. ६ ऑक्टोबर २०२५

ता. क.: अर्ज पूर्ण वाचून दाखवला असता बाईंनी ७ (क) खोडायला सांगितले. मी म्हटले, "मावशी, तुम्हीच सांगितलंत म्हणून लिहिलं." त्या म्हणाल्या, "साहेब लोक कामात असतात रे. तिन्हीतलं सोपं तेवढंच करून मोकळे होतील." त्याप्रमाणे ७ (क) खोडले आहे. खालची अक्षरे दिसत असली तरी कृपया ती वाचू नयेत.