गळतीचं पाणी

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. कालव्यातून झिरपून वाया जाणारं पाणी वाचवलं, की तुमच्या टेकडीवरच्या वस्तीला रोज नळ येईल आणि कुणाचं काही कमी होणार नाही, असं मी लिहिलं होतं. यातलं शेवटचं खरं नाही. भाऊजींनी ते पत्र अख्ख्या इमारतीला वाचून दाखवलं, ‘मेहुणी पाणी आणतेय’ म्हणत जिन्यात मिरवले, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही. हे पत्र मात्र आधी तू वाच. म्हणूनच अक्षर मोठं काढलंय, माझ्या पाटीवर तू शिकलीस तेव्हा काढायचे तसं.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या भागाचा नकाशा आहे. वर धरण, त्यातून निघालेला कालवा, कालव्यावर शेती, मग कारखाने, शेवटी तुमचं शहर. मागणारे सगळे आणि धरण एकच. कुणाच्या ताटातलं न काढता सगळ्यांना कसं वाढायचं, एवढंच आमचं काम. कालव्याला सिमेंटचं अस्तर केलं तर किती गळती थांबेल, हे मी मोजलं. आकडा इतका मोठा निघाला की साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि तेव्हापासून मी ऑफिसात ‘गळतीबाई’ झाले. पाणीवाटपाच्या नव्या आराखड्यात त्या आकड्यापुढे एक शब्द लिहिलाय, ‘शिल्लक’. आपल्या घरी शिल्लक म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठी आई झाकून ठेवायची ते. ऑफिसात शिल्लक म्हणजे ज्याला कुणी धनी नाही ते.

गेल्या महिन्यात अस्तराच्या मोजणीसाठी आपल्या गावावरून जाणारा कालव्याचा तुकडा आम्ही कोरडा ठेवला. त्याच दिवसांत आईचा फोन आला. विहीर तळाला गेली, बादली दगडावर खरवडतेय, आणि हे सगळं शेजारच्या काकूंचं काम, त्यांनी गुपचूप मोठी मोटर बसवली! तुझ्या जन्माआधीपासूनचं सगळं उकरून काढून आई काकूंशी भांडली. ऊन फार आहे, असं सांगून मी तिची समजूत घातली. सुट्टीत घरी गेले तेव्हा काकूंच्या विहिरीत डोकावले. मोटर जुनीच होती, आणि तीही पाण्याच्या वर उघडी पडलेली. कालवा कोरडा ठेवल्याचे दिवस मी तिथंच बोटांवर मोजले. पुढे कालव्यात पुन्हा पाणी सोडलं आणि थोड्याच दिवसांत दोन्ही विहिरी वर आल्या. ताई, ते पाणी वाया जात नव्हतं. ते जमिनीतून आपल्याकडे येत होतं. मी शाळेत वेळेवर पोचावं म्हणून तू जे हंडे भरायचीस, ते त्याच गळतीचे.

साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “अगं, थेंब कालव्याचा की पावसाचा, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं का?” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुझी नोकरी अजून पक्की नाही. आकडा तुझा, सहीही तुझी. जरा विचार कर, बाळा.” ते धमकावत होते की सांभाळून घेत होते, मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून टेबलावरचा फोन वाजला तरी दचकते. तेच हिशेब पुन्हा पुन्हा तपासते. चुकत असेन तर, या विचाराने घाम फुटतो, आणि बरोबर असेन तर त्याहून जास्त. नोकरीची भीती आहेच, खोटं कशाला बोलू? आपल्या घरात शिकून खुर्चीवर बसलेली मी पहिलीच. पण नळ उघडला की मला तू दिसतेस. चौथा मजला, दुखऱ्या कमरेला पट्टा, एका हातात बादली आणि दुसऱ्या हाताला धरलेली तुझी छोटी.

हे सगळं तुला लिहिलं, कारण आता आराखड्यावर सगळ्यांची बैठक आहे. शेतकरी येतील, कारखान्यांची माणसं येतील, आणि तुमच्या वस्तीतर्फे भाऊजी पुढच्याच रांगेत असतील, टाळ्या वाजवायच्या तयारीने. त्यांच्यासमोर उभं राहून मी सांगणार आहे, की माझा आकडा शिल्लक नाही, तो कालव्याखालच्या गावांच्या विहिरींचा आहे, तो आराखड्यातून काढा. म्हणजे तुमचा नळ लांबला. कारखान्यांनी वापरलेलं पाणी शुद्ध करून परत वापरलं, तर धरणातलं तुमच्यापुरतं सुटेल, तेही मांडणार आहे. पण त्याला वेळ लागेल, आणि तोवर जिने तुलाच चढायचे आहेत. मी तुझी परवानगी मागत नाही. मागितली तर तू हो म्हणशील आणि लहानपणीसारखी मुकाट्याने बादली उचलशील. तू रागावलीस तर मला जरा बरंच वाटेल. फक्त हे तुला भाऊजींच्या तोंडून कळू नये. आवाज कापेल, कदाचित साहेबांकडे बघताही येणार नाही, पण मी बोलणार आहे. येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला.

तुझीच,
धाकटी