इराची आंघोळ

तीर्थरूप आईस, केलगेरीहून स्मृतीचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. इरा सहा किलोंची झाली. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर सासूबाई शेजारी असतात, म्हणून लिहिते. तुझ्याकडून, मिरजेहून आल्यापासून मी इराला आंघोळ घातलेली नाही. तिला पाण्याशी नेलं की मनात येतं, माझेच हात तिला सोडून देतील. मला स्वतःचीच भीती वाटते, आई.

शेवटी संजीवला सांगितलं. तो डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. गोळी सुरू आहे. दर गुरुवारी आम्ही सहाजणी आया तिथे बसून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकतो. "हेदरब्याडरी, भिऊ नका. विचार आला म्हणजे तुम्ही तसं करणार असं नाही," असं बाई कानडीमिश्रित मराठीत सांगतात.

आज संजीवला जवळ उभं करून मी तिला न्हाऊ घातलं. तो विचार आलाच. तळहातावरचं तिचं ओलं डोकं तेवढं मी जाणत राहिले. आंघोळ झाली, पण भीती गेली नाही.

अप्पांना एवढ्यात सांगू नकोस.

मी तान्ही असताना मला आत्याच न्हाऊ घालायची, असं तू सांगायचीस. का, ते मी कधी विचारलं नाही. आज विचारते. खरं लिही.

तुझी,
स्मृती