व्हिएन्नात हरवलेले बूट

कॅरी, ४ ऑक्टोबर २०२४

ती. शुभाताईस,
धाकट्या रत्नाचा सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे, तुझे गुडघेही बरे असतील असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, मला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर लावावा लागतो आणि तू तिकडे ट्रॉयमधून बोललेलं इथे घरभर ऐकू जातं. हे फक्त तुझ्यासाठी.

ताई, मी नोव्हेंबरात पुण्याला परत जायचं ठरवलंय. कायमचं. सिद्धेशला अजून बोलले नाही. हे गेल्यावर लेकाने मोठ्या मायेने मला इथे परदेशात आणलं, पण वर्ष झालं तरी मी पाहुणीच आहे. रीमा वाईट नाही गं, सुनेचा एक वाकडा शब्द नाही. पण मुळात शब्दच नाही! मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत तुटक उत्तर द्यायचं आणि लॅपटॉप घेऊन वर जायचं. दारातल्या शू-स्टँडवर त्या दोघांचेच बूट मावत नाहीत, म्हणून मी माझे पिशवीत घालून खोलीत नेते. उगाच कुणाला अडचण नको.

आता नवीनच ऐक. रीमाची व्हिएन्नाला कॉन्फरन्स आहे आणि ती मला बरोबर नेते आहे! कॉन्फरन्स संपली की एक दिवस दोघी शहर बघू, म्हणाली. मला तर धडकीच भरली आहे. सिद्धेशसमोर बोलता येत नाही ते तिथे नेऊन गोड शब्दांत सांगणार, दुसरं काय? तिने ‘जा’ म्हणण्याआधी मीच ‘जाते’ म्हणून मोकळी होते.

तुझं मत कळव. रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी
रत्ना


ट्रॉय, १० ऑक्टोबर २०२४

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

सुनेला तुला घालवायचंच असेल तर ती पुण्याचं तिकीट काढेल, व्हिएन्नाचं कशाला काढेल? तुझं लहानपणापासून हेच. समोरच्याच्या मनातलं तूच ठरवायचं आणि मग तूच रडत बसायचं. माझी आसावरी तर पोटची पोर, पण ऑफिसातून आल्यावर तीही ‘आई, जेवलीस का’ याच्यापुढे जात नाही. मी काय सामान बांधू?

तू गेलीस की इथे मी कुणावर ओरडू, याचा जरा विचार कर. सरळ जा, डोळे भरून शहर बघ आणि पुण्याचा विषय तिथे काढू नकोस. सोबत लोकरीचे मोजे पाठवते आहे. मी विणलेत, घालच. तिकडे थंडी असेल.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझी
ताई


कॅरी, २७ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या मोज्यांना भोकं पडली आहेत, त्याची माफी आधी मागते. कारण पुढे येतंय.

कॉन्फरन्स संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला पिवळा राजवाडा बघितला. खोल्यांमागून खोल्या, झाडायच्या कुणी, हाच विचार माझ्या मनात. मग ट्रामने गावात आलो. तिथे कॉफीबरोबर छोट्याशा ट्रेमध्ये पाण्याचा पेला देतात, मला फार आवडलं. रीमा समोर बसून नुसती चमचा ढवळत होती. मीही ‘नोव्हेंबरात जाते’ हे वाक्य घोळवत होते, पण घशाबाहेर येईना. शेवटी कॉफी संपवून दोघी उठलो.

पुढे एका गल्लीत लहानसं चर्च लागलं. आत मेणबत्त्या, कुणीतरी ऑर्गन वाजवत होतं. ताई, माझे पाय उंबऱ्यातच थांबले. कुणीच बूट काढत नव्हतं, दिसत होतं मला. पण देवाच्या दारात बूट घालून मला जाववेना. काढले आणि कडेला ठेवले. रीमा पुढे गेली होती. तिने वळून बघितलं, परत आली आणि आपलेही काढून माझ्या बुटांशेजारी ठेवले.

बाहेर आलो तर दोन्ही जोड गायब! कुणी उचलले देव जाणे. आता ही मला बोलणार म्हणून मी मान खाली घातली, तर ही बाई पायरीवर बसून खो-खो हसत सुटली. मग मलाही हसू आवरेना. त्या गार फरशीवरून तुझ्या मोज्यांत मी आणि पातळ मोज्यांत ती, हातात हात घालून बुटांचं दुकान शोधत निघालो. लोक बघतच होते.

दुकानात मला वाकता येईना. रीमाने खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या. एवढ्याशा वयात तिचे दोन-चार केस पिकलेत गं. मी डोक्यावरून हात फिरवला. तुझे कशाला काढलेस, असं विचारलं, तर म्हणाली, तुमचे एकटेच बाहेर राहिलेले बघवेनात. आमचं मापही एकच निघालं. तिने सारखेच दोन जोड घेतले.

काल दुपारी घरी पोचलो. सवयीने मी पर्समधून पिशवी काढून बूट आत घातले. रीमाने माझा हात धरला आणि शब्द शोधत मराठीत विचारलं, की आई, तुम्ही कधी जाणार आहात? मला वाटलं, आलंच ते ‘जा’. मी काही बोलायच्या आत तिलाच रडू आलं. वर्षभर ती ती पिशवी बघते आहे. तिला वाटायचं, मला इथे राहायचंच नाही, म्हणून मी बूटसुद्धा दारात ठेवत नाही. जास्त बोललं आणि मी ‘जाते’ म्हटलं तर, या भीतीने ती वर पळायची. थांबा म्हणायलाच मला व्हिएन्नाला नेलं होतं आणि तिथे तिचंही तोंड उघडेना!

मी दारातच तिला जवळ घेतलं. मग तिने सिद्धेशचे जुने बूट गॅरेजमध्ये टाकले, माझे आपल्या बुटांशेजारी मांडले आणि पिशवी कचऱ्यात फेकली. आज सकाळी कुठले कुणाचे ते कळेना. हाताला आले ते घालून मी फिरून आले.

पुण्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, तूही विसर. रीमाने तुला नमस्कार सांगितला आहे. नोव्हेंबरात आता तूच इकडे ये, स्टँडवर तुझीही जागा केली आहे.

लोभ आहेच, येताना बरोबर आण.

तुझी
रत्ना